उतारवयातील उद्योग आणि माणसाचे मोल

वार्धक्य हा विषय आपल्या त्रैमासिकाला नवा नाही. जुलै महिना उजाडला आणि संत योआकिम व संत अन्ना यांचा सण जवळ आला की वृद्धांवरचे लेख येऊ लागतात. काहींत व्यायाम, आहार व औषधे यांविषयी सल्ला असतो, तर काहींत मुलांनी आईवडिलांना कसे सांभाळावे याचा उपदेश असतो. दोन्ही प्रकार आवश्यक आहेत आणि आम्ही दोन्ही आवडीने वाचतो. परंतु या दोहोंच्या मध्ये जो प्रश्न उभा आहे त्याला सहसा कोणी हात घालीत नाही. उतारवयात माणसाने कार्यरत राहावे, निरोगी राहावे, त्याच्या जगण्याला काही हेतू असावा, असे आपण सारेच म्हणतो. मग ज्या दिवशी हातपाय चालेनासे होतात त्या दिवशी तो हेतूही संपतो काय? आणि संपत नसेल, तर तो नेमका कशात असतो?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकात भेटला नाही, नाहूरला भेटला. नाहूर म्हणजे भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले, घाईच्या प्रवाशाच्या नजरेतून सहज निसटणारे स्थानक. पूर्वेकडे मिठागरे आणि ठाण्याची खाडी. पश्चिमेकडे लाल बहादूर शास्त्री मार्ग, जो जुन्या माणसांच्या तोंडी अजून आग्रा रोडच आहे. या रस्त्याच्या पट्ट्यात टायरांचे, रंगांचे, औषधांचे, यंत्रांच्या सुट्या भागांचे कारखाने होते आणि येथला दिवस भोंग्यावर चाले. वसईहून, कोकणातून, गोव्याहून, मंगळूरहून आलेल्या आमच्या माणसांचे जेवणखाण, झोप आणि मुलांच्या बारशालग्नांच्या वेळादेखील पाळ्यांच्या हिशेबाने ठरत. पुढे त्यांतील कित्येक कारखाने बंद पडले आणि त्या जागांवर उंच मनोरे उभे राहिले. ज्या फाटकातून एखादा माणूस पस्तीस वर्षे बिनबोभाट आत गेला, तेथे आज गृहसंकुलाची कमान आहे आणि तेथला पहारेकरी त्याला विचारतो, कोणाकडे जायचे आहे? माणूस निवृत्त होतो आणि त्याच्या मागोमाग त्याचे कामाचे ठिकाणही नाहीसे होते, अशी ही आमच्याकडच्या वार्धक्याची तऱ्हा आहे.

खरे पाहता निवृत्ती ही कल्पनाच अर्वाचीन आहे. वसईच्या वाडीतल्या म्हाताऱ्याला कोणी निवृत्त केले नव्हते. उपसा-ओढा होईनासा झाला की तो पानवेलीची पाने खुडी. तेही जमेना तेव्हा खुडलेली पाने बसल्या जागी जुळवून ठेवी. आणि अगदीच थकला म्हणजे अंगणातली कोंबडी हाकली तरी त्याचे घरातले स्थान हलत नसे. कामाचा आकार शरीराबरोबर लहान होत जाई. कारखान्याने आणि कचेरीने मात्र अठ्ठावन्न किंवा साठ हा आकडा ठरवून दिला. आदल्या सायंकाळपर्यंत माणूस कामाचा, दुसऱ्या सकाळपासून बिनकामाचा. निरोप समारंभात त्याला घड्याळ भेट देण्याची चाल होती. ज्याला वेळ पाहण्याचे कारण उरले नाही त्यालाच घड्याळ का द्यावे, याचे उत्तर आम्हांला अद्याप मिळालेले नाही.

अठ्ठावन्न या वयाचा उल्लेख झाला की महाराष्ट्राला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवावेत. ते १८५८ साली जन्मले. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते १९१४ मध्ये निवृत्त झाले, १९१५ मध्ये त्यांचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले, आणि आत्मवृत्त लिहून हिशेब मिटवल्यासारखे वाटावे अशा वेळी, १९१६ मध्ये, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. म्हणजे ज्या वयात आपला कामगार भविष्य निर्वाह निधीचे कागद गोळा करतो त्या वयात अण्णांचे सर्वांत मोठे काम सुरू झाले. सत्तरी ओलांडल्यावर त्या संस्थेसाठी त्यांनी परदेशांचा दीर्घ प्रवास केला. शहाऐंशीव्या वर्षी, १९४४ मध्ये, समता संघ काढला. १९५८ मध्ये शंभरीच्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ मध्ये त्यांनी देह ठेवला. ही हकीकत वृद्धांच्या मेळाव्यांत हमखास सांगितली जाते आणि ती सांगावी अशीच आहे.

मात्र ती कोणाला सांगतो याचे भान ठेवावे. पस्तीस वर्षे रात्रपाळ्या करून, रबराच्या वाफा हुंगून ज्याची छाती भाता झाली आहे त्याला अण्णांचे उदाहरण देणे म्हणजे त्याच्या थकव्याला दोष देणे आहे. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. हेतूपूर्ण वार्धक्याच्या गप्पांना पैशाचा आधार लागतो. कारखान्यातल्या बहुतेकांचे निवृत्तिवेतन १९९५ च्या योजनेखाली येते; २०१४ मध्ये त्याची किमान रक्कम महिना १,००० रुपये ठरली, यावरून ते किती तोकडे असते याची कल्पना यावी. ते मिळावे म्हणून वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी तो कागदावर होता, २०१४ पासून अंगठ्याच्या ठशावरही देता येऊ लागला. परंतु जन्मभर लोखंड घासलेल्या अंगठ्यावर रेषा उरतात कोठे? यंत्र ठसा ओळखीत नाही. तो दोनदा, तीनदा अंगठा पुसून लावतो. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी माणूस खिडकीपुढे ताटकळत उभा असतो, आणि याच माणसाला आपण प्रवचनातून जीवनाचा आनंद घेण्यास सांगत असतो.

एवढे म्हटल्यावर कार्यरत राहण्याविषयी आमचे अनुकूल मत आम्ही स्पष्ट नोंदवतो. देह ही देवाची देणगी आहे. तिची योग्य काळजी घेणे हे पाचव्या आज्ञेच्या कक्षेत येते, असे १९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो, आणि त्याच दमात देहाची पूजा बांधू नका असेही बजावतो. हे दोन्ही इशारे आमच्या लोकांना लागू पडतात. पहाटे मुलुंडच्या बागांतून झपझप चालणारे आणि सायंकाळी रक्तशर्करेच्या आकड्यावर दिवसाचा सुखदुःखाचा निकाल लावणारे काही जण आम्ही पाहतो. तर गुडघे दुखतात म्हणून खुर्ची न सोडणारे आणि खुर्ची न सोडल्याने अधिकच दुखणारे पुष्कळ पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला साधा आहे: आठवड्यात किमान दीडशे मिनिटे बेताचा शारीरिक व्यायाम, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तरी तोल व स्नायूंची ताकद राखणाऱ्या हालचाली. खुर्चीचा आधार न घेता उठणे-बसणे हीदेखील अशीच हालचाल आहे. म्हातारपणी बहुतेकांचा दिनक्रम मोडतो तो मोठ्या रोगाने नव्हे, तर न्हाणीघरातल्या ओल्या फरशीने. भिंतीला पकडायची कांब बसवायला मूर्ती बसवण्याइतकाही खर्च येत नाही. कानांचेही तेच. ऐकू कमी येऊ लागले की माणूस प्रथम गप्पांतून बाजूला होतो, मग घरातून. बहिरेपणावर वेळीच उपाय न केल्यास स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो हे वैद्यकशास्त्र आता मानते. तरीही चष्मा अभिमानाने मिरवणारा आमचा माणूस श्रवणयंत्राला लाजतो.

मुंबईच्या उपनगरांनी या बाबतीत काही चांगली भरही घातली आहे. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये अंधेरीच्या एका बागेत चार-पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला आणि तो प्रकार जगभर गेला. कारणाशिवाय हसणे आम्हांला जमलेले नाही, पण रोज सकाळी आपली कोणी वाट पाहत आहे ही जाणीव त्या हसण्यापेक्षा अधिक गुणकारी असावी, असा आमचा तर्क आहे. आपल्या धर्मग्रामातही हे दिसते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची घरभेटींची कामे, मिस्साबलिदानानंतर आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद नेण्याची सेवा, ही आज मोठ्या प्रमाणावर साठीच्या पुढच्या माणसांच्या खांद्यावर आहेत. उद्वाहन बंद असताना चार जिने चढून जाणारा तो सेवक स्वतःच सत्तरीचा असतो.

येथवर सारे ठीक आहे. अडचण पुढे आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये गिरगावातील एका वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून मरणाची परवानगी मागितली. वर्तमानपत्रांत ते प्रकरण खूप गाजले. दोघांना असाध्य रोग नव्हता, दारिद्र्य नव्हते, परस्परांशी भांडण नव्हते. मूलबाळ नाही, समाजाला आता आपला उपयोग नाही, मग रोग येऊन परावलंबी होईपर्यंत का थांबावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मरणासन्न रुग्णाचे कृत्रिम उपचार काही अटींवर थांबवण्यास आणि त्याविषयी आधी इच्छा लिहून ठेवण्यास मान्यता दिली. त्या दांपत्याची मागणी या निर्णयात बसत नव्हती, कारण त्यांना उपचार थांबवायचे नव्हते, आयुष्य थांबवायचे होते. (निष्फळ व असह्य उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे, हे ख्रिस्तसभा फार पूर्वीपासून शिकवीत आली आहे. आमच्या लोकांत याविषयी अकारण भीती आहे, म्हणून हा उल्लेख.)

त्या पत्राला अनेकांनी हळहळून उत्तरे दिली. तुम्ही अजून किती उपयोगी आहात, अनाथ मुलांना शिकवा, ग्रंथालय चालवा, असा त्या उत्तरांचा सूर होता. सद्हेतू असूनही हे उत्तर धोक्याचे आहे, असे आम्हांला तेव्हाही वाटले व आजही वाटते. कारण त्यात पत्र लिहिणाऱ्यांचे मूळ गृहीतकच मान्य केलेले आहे. माणसाचे मोल उपयोगावर ठरते हे दोघेही धरून चालतात. वाद फक्त उपयोग शिल्लक आहे की नाही एवढ्यापुरता उरतो. मग ज्याला स्वतःच्या मुलाचे नाव आठवत नाही, ज्याला कूस बदलायला दुसरा लागतो, त्याच्या बाबतीत हे हितचिंतक काय सांगतील? गृहीतक खरे असेल तर गिरगावच्या त्या जोडप्याचे तर्कशास्त्र निर्दोष आहे. त्यांच्याशी वाद घालायचा तर तो गृहीतकापाशीच घातला पाहिजे.

इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ च्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला. ज्या वस्तूच्या जागी तेवढ्याच तोलाची दुसरी ठेवता येते तिला किंमत असते. ज्याला पर्यायच नाही त्याला प्रतिष्ठा असते. सेमिनरीत हा भेद आम्ही पाठ केला आणि परीक्षेत लिहून मोकळे झालो. त्याचा अर्थ नाहूरला उमगला. कारखान्यात माणसाच्या जागी माणूस मिळतो, म्हणून तर भोंगा थांबत नाही. घरात मात्र बापाच्या जागी बाप मिळत नाही. तो काम करीत होता म्हणून मिळत नाही असे नाही. तो तोच आहे म्हणून मिळत नाही.

आमच्या मातीत या प्रश्नाला दुसरे एक थोर उत्तर आहे आणि त्याचा विचार केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न व औषध सोडून देह ठेवला. आचार्य विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला तेच केले. जैन परंपरेत सल्लेखना आहे. जीवितकार्य पूर्ण झाले की शांत चित्ताने, कोणावर रुसून न जाता, निघून जावे, असा हा विचार आहे. त्यामागची अनासक्ती आम्हांला आदरणीय वाटते. तरीही आम्ही थबकतो ते जीवितकार्य या शब्दापाशी. आपले कार्य पूर्ण झाले हे कोणी ठरवायचे? संत पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिताना म्हणतो की निघून ख्रिस्ताजवळ जावे असे मला वाटते, परंतु तुमच्यासाठी मागे राहणे अधिक गरजेचे आहे. चाणाक्ष वाचक म्हणेल, पौलाचे कारणही शेवटी उपयोगाचेच झाले. खरे आहे. पण मागे राहायचे की जायचे, हा निर्णय आपल्या हाती आहे असे तो मानीत नाही. आपण कोणाला हवे आहोत, एवढेच तो पाहतो. उपयोगी असणे आणि हवे असणे या दोन गोष्टी जवळजवळच्या असल्या तरी एक नव्हेत.

आमच्या पिढीने या प्रश्नाची उत्तरे तीन पोपमहोदयांच्या जीवनात डोळ्यांनी पाहिली. दुसरे जॉन पॉल यांनी १ ऑक्टोबर १९९९ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, जगातील वृद्धांना पत्र लिहिले. तेव्हाच कंपवाताने त्यांचा हात थरथरत होता. २००५ च्या पुनरुत्थानाच्या रविवारी ते खिडकीत आले, बोलण्याचा प्रयत्न केला, शब्द फुटला नाही, आणि त्यांनी मूकपणे आशीर्वाद दिला. सहा दिवसांनी ते निवर्तले. सोळावे बेनेडिक्ट यांनी उलट मार्ग धरला. शक्ती उरली नाही असे सांगून फेब्रुवारी २०१३ मध्ये, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, त्यांनी पद सोडले. जवळजवळ सहाशे वर्षांत कोणा पोपने असे केले नव्हते. त्यानंतर व्हॅटिकनमधील एका मठात ते जवळजवळ दहा वर्षे प्रार्थनेत राहिले. पोप फ्रान्सिस चाकाच्या खुर्चीतून कारभार पाहत राहिले आणि २० एप्रिल २०२५ च्या पुनरुत्थान रविवारी लोकांत मिसळून दुसऱ्या दिवशी गेले. यांपैकी बरोबर कोण, असा वाद रंगवणाऱ्यांना आम्ही विचारतो, तिघांत समान काय होते ते पाहिलेत का? पद म्हणजे मी, असे तिघांपैकी एकानेही धरले नव्हते. म्हणून एकाला ते सोडता आले आणि दोघांना दुबळ्या हातांनी ते धरताना लाज वाटली नाही. कायद्याने आम्हा धर्मप्रांतीय धर्मगुरूंनाही पंचाहत्तरी पूर्ण होताच बिशपांकडे राजीनामा द्यावयाचा असतो. तो कागद लिहिणे सोपे असावे. दुसऱ्या सकाळी घंटा वाजल्यावर वेदीकडे दुसरा चाललेला पाहणे तितके सोपे नसावे.

परंतु या विषयात आम्हांला सर्वांत अधिक शिकवले ते एका फ्रेंच बाईने. झान झ्युगाँ हे तिचे नाव. ब्रिटनी प्रांतातील एका कोळ्याची ती मुलगी, १७९२ मध्ये जन्मलेली, उभे आयुष्य लोकांच्या घरी काम केलेली. १८३९ च्या हिवाळ्यात, सत्तेचाळीस वर्षांची असताना, तिने एका आंधळ्या, अर्धांग झालेल्या म्हातारीला आपल्या माळ्यावरच्या खोलीत नेले आणि स्वतःची खाट तिला दिली. मग दुसरी म्हातारी आली, मग तिसरी. झान टोपली घेऊन दारोदार फिरू लागली. त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. त्यांचा वृद्धाश्रम आपल्या अंधेरीत महाकाली मार्गावर आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी तेथे नाताळचा फराळ नेऊन दिला असेल.

येथवरची कथा बहुतेकांना ठाऊक असते. पुढची कमी ठाऊक आहे. संघाचा कारभार एका तरुण धर्मगुरूच्या हाती गेला. भगिनींनी १८४३ मध्ये झानला पुन्हा प्रमुख निवडले, तर त्याने ती निवड रद्द केली. १८५२ मध्ये तिला मातृगृहात बोलावून घेण्यात आले आणि बाहेरचे सारे काम काढून घेण्यात आले. ती तेव्हा साठीला टेकली होती. त्यानंतर ती सत्तावीस वर्षे जगली. नव्या उमेदवार मुलींमध्ये राहिली, काठी टेकीत बागेत फिरली, शिवणटिपण केले, जपमाळ ओढली, शेवटी दृष्टीही गेली. ज्या मुली तिचा हात धरून तिला चालवीत त्यांना ही म्हातारी आपल्या संघाची संस्थापिका आहे याचा पत्ता नव्हता. १८७९ मध्ये ती वारली तेव्हा संघात सुमारे २,४०० भगिनी होत्या. पुढे १८९० मध्ये रोमने चौकशी करून त्या धर्मगुरूला दूर केले, आणि सोळावे बेनेडिक्ट यांनी ११ ऑक्टोबर २००९ रोजी झानला संतपद दिले.

तिच्याशी झालेला व्यवहार हा अन्याय होता. त्याला देवाची योजना म्हणून गोंडस नाव देण्यास आम्ही तयार नाही; जे आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना अडगळीत टाकतात त्यांना हे नाव फार सोयीचे पडेल. आमचा प्रश्न निराळा आहे. ती सत्तावीस वर्षे वाया गेली काय? संघाच्या वहीत तिच्या नावावर त्या काळात एकही काम नाही. टोपली नाही, दार नाही, हिशेब नाही. पण त्या उमेदवार मुली पुढे देशोदेशी गेल्या आणि म्हाताऱ्या माणसाला हात देताना कसा द्यावा हे त्या जिच्याकडून शिकल्या ती हीच होती. झानने त्यांना धडे दिले म्हणून नव्हे; त्यांचा हात तिने धरू दिला म्हणून.

घेणे हीदेखील कृती आहे, हे आमच्या कर्त्या माणसांच्या गळी उतरत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात हा धडा संत पेत्राला दोनदा मिळतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी तो प्रभूला आपले पाय धुऊ देत नाही. आपण धुवायचे, धुऊन घ्यायचे नाही, ही कर्त्या माणसाची मिजास त्याच्यात होती. आणि पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी प्रभू त्याला सांगतो की तरुणपणी तू स्वतः कंबर कसून हवे तेथे जात होतास, म्हातारपणी मात्र हात पसरशील आणि दुसरा तुझी कंबर कसून तुला नको असेल तेथे नेईल. पेत्राच्या हौतात्म्याची ही सूचना होती, असे योहानाने लगेच सांगितले आहे. तरीही ज्याने कोणी लकवा झालेल्या बापाला पायजमा चढवला असेल त्याला या वाक्याचा साधा अर्थही कळतो. फादर स्टॅन स्वामी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी तळोजाच्या तुरुंगात होते. कंपवातामुळे पेला धरता येत नव्हता. सहकैदी आपल्याला अंघोळीला व जेवायला मदत करतात, असे त्यांनी तेथून लिहिले, आणि लिहिताना सोबत्यांचेच कौतुक केले. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते गेले. त्या खटल्याच्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. जन्मभर आदिवासींसाठी झिजलेला माणूस शेवटी दुसऱ्याच्या हातचा घास कुरकुर न करता घेतो, एवढेच आम्हांला दाखवायचे आहे.

याची दुसरी बाजू घासाचा चमचा धरणाऱ्याकडे आहे. आमच्या घरांतून दोन उलट चुका आम्हांला दिसतात. एक, म्हाताऱ्या माणसाचे सगळे काम प्रेमाने काढून घेणे. तुम्ही बसा हो बाबा, असे म्हणता म्हणता भाजी निवडणे जाते, विजेचे बिल भरणे जाते, किल्ली जाते, आणि एक दिवस औषध कोणते घ्यायचे हेही दुसरा ठरवू लागतो. नाहूरच्या जुन्या इमारतींचे पुनर्विकास होऊ लागल्यापासून तर विचित्र प्रकार दिसतो. ज्या बाबांना कोणी वर्षभर काही विचारीत नव्हते त्यांच्या सहीसाठी सारे घर त्यांच्याभोवती जमते, आणि सही झाली की पुन्हा पांगते. दुसरी चूक याच्या उलट. मुलगा-सून दोघे नोकरीला, म्हणून सत्तरीच्या आजीने दोन नातवंडे, स्वयंपाक, शाळेची बस आणि शिकवणी असे सारे सांभाळायचे. तिला विचारले तर ती म्हणते, माझा वेळ छान जातो. खरेच जात असेल. पण तिला नाही म्हणण्याची मोकळीक आहे काय, एवढे घरच्यांनी एकदा तपासावे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात ऐंशी वर्षांचा बर्जिल्लय आहे. त्याने अडचणीच्या काळात दाविदाला अन्न पुरवले होते. राजा कृतज्ञतेने त्याला राजधानीत बोलावतो, तर तो म्हणतो, मला आता अन्नाची चव कळत नाही, गाणे ऐकू येत नाही, मी आपल्याला भार होईन. मला माझ्या गावी, आईबापांच्या थडग्याजवळ राहू द्या आणि माझ्याऐवजी या तरुणाला न्या. दावीद त्याला आग्रह करीत नाही. त्याचे चुंबन घेतो आणि त्याला घरी जाऊ देतो. म्हाताऱ्याचा नकार इतक्या सभ्यतेने स्वीकारलेला आम्हांला अन्यत्र फारसा आढळला नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांचा व वृद्धांचा म्हणून नेमून दिला. त्या दिवशी शाल व श्रीफळ देण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. पण शाल मिळते ती चर्चच्या सभागृहापर्यंत जे येऊ शकतात त्यांना. जे येऊ शकत नाहीत त्यांची यादी अधिक लांब असते. म्हणून आम्ही असे सुचवले की अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येकाला धर्मशिक्षणाच्या वर्गातील एकेका मुलाचे नाव द्यावे. वृद्धाने त्या मुलासाठी प्रार्थना करावी आणि मुलाने महिन्यातून एकदा जाऊन बसावे. शिक्षिकांनी शंका काढली की नाकातली नळी आणि औषधांचा वास यांनी मुले घाबरतील. चाळीतली मुले घाबरत नाहीत, त्यांनी आजोबांचे आजारपण एकाच खोलीत पाहिलेले असते. मनोऱ्यांतली घाबरतात, पण पहिल्या भेटीपुरतीच. मोठा विरोध झाला तो एका वृद्ध गृहस्थाकडून. ते म्हणाले, फादर, येणाऱ्या पोराला मी काय देऊ? माझ्याजवळ आता देण्यासारखे काही नाही. आम्ही म्हटले, मुलगा इंग्रजी माध्यमात शिकतो, त्याला मराठी धड वाचता येत नाही. तो शुभवर्तमान वाचील आणि तुम्ही फक्त ऐका, चुकला तर थांबवा. हा पुन्हा उपयोगाचाच हिशेब झाला, हे आम्हांला कळत होते. त्यांनाही कळले असावे, कारण ते हसले. त्यांनी होकार दिला, परंतु रविवारी क्रिकेटचा सामना असेल त्या वेळी पोराला पाठवू नका, अशी अट घातली.